ग्राफिक्स कार्ड: खेळासाठी की कामासाठी?

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावातून दोन तरुणांचा फोन आला. विहाराच्या वरच्या खोलीत त्यांनी अभ्यासिका सुरू केली आहे. घराघरातून वर्गणी काढली, नोकरीला असलेल्या काही जणांनी भर घातली आणि एका चांगल्या कॉम्प्युटरपुरते पैसे जमले. दुकानदाराचं कोटेशन त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. काचेची कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे सहा पंखे आणि ८ जीबी मेमरीचं आरटीएक्स ५०६० कार्ड. "ताई, ह्याच्यावर एआयचं काम होईल ना? दुकानदार म्हणतो, सगळे गेम फुल सेटिंगवर चालतात."

मी विचारलं, "तुम्हाला गेम खेळायचे आहेत का?" दोघंही हसले आणि मग गप्प झाले.

असे फोन आता वरचेवर येतात. पोरं शिकली आहेत, डेटा सायन्सचे कोर्स करताहेत, जुनी नियतकालिकं स्कॅन करताहेत, मुलाखती रेकॉर्ड करताहेत. त्यासाठी यंत्र हवं हे बरोबर आहे. पण ते निवडताना सल्ला मात्र गेमरचा घेतला जातो, कारण यूट्यूबवर आणि दुकानात तोच मिळतो. मी स्वतः समाजशास्त्राची विद्यार्थिनी. इंजिनिअर नाही. तरी लिहिते आहे, कारण हीच चूक मी एकदा केली आहे, आणि तीही लोकांच्या पैशाने.

आमची चूक

२०२२ सालची गोष्ट. आम्ही पाच जणांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. १९७२ चा दुष्काळ, गाव सोडून शहरात येणं, नामांतराचे दिवस. शंभरेक तासांचं बोलणं होतं. एक तासाचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायला पाच-सहा तास जातात. म्हणजे आमच्यासारख्या नोकरी सांभाळून काम करणाऱ्यांचं वर्षभराचं काम. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओपनएआयने 'व्हिस्पर' नावाचं, बोलणं ऐकून लिहून देणारं मॉडेल सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्यात मराठी होती. ते वेगाने चालवायला ग्राफिक्स कार्ड लागतं, एवढं आम्हाला कळलं. वर्गणी काढली आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने दोन कार्ड दाखवली. एक आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचं. दुसरं आरटीएक्स ३०६० टीआय, ८ जीबीचं. पहिल्यात ३५८४ कोअर, दुसऱ्यात ४८६४. "टीआय बरंच फास्ट आहे," तो म्हणाला. आम्ही थोडे जास्त पैसे घालून टीआय घेतलं.

तो खोटं बोलला नव्हता. गेममध्ये टीआय खरोखरच पुढे आहे. तो रोज ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, त्याचंच उत्तर त्याने दिलं. आपला प्रश्न वेगळा आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर व्हिस्परचं सगळ्यात मोठं मॉडेल सुरू केलं आणि पडद्यावर संदेश आला: मेमरी संपली. त्या मॉडेलला साधारण १० जीबी लागते, हे बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं होतं. आमच्याकडे ८ होती. त्याखालचं 'मीडियम' मॉडेल चाललं, पण आमच्या बायांची बोली त्याला झेपेना. 'येसकरपाळी' हा शब्द त्याने दर वेळी वेगळा लिहिला. पुढे आकडे लहान करून साठवण्याची युक्ती कळली आणि मोठं मॉडेल ८ जीबीत कसंबसं बसलं. मग वाटलं, ह्या मॉडेलला आपल्या बायांची बोली थोडी शिकवावी. तिथे मात्र पुन्हा अडलो. दुकानातल्या काउंटरवर पडून असलेलं, आमच्यापेक्षा स्वस्त असलेलं १२ जीबीचं कार्ड तेव्हा आठवलं.

गेमचं गणित आणि कामाचं गणित

गेममध्ये कार्डाला दर सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त चित्रं काढायची असतात. म्हणून तिथे वेग मोजतात. मेमरी कमी पडली तर सेटिंग खाली आणायची, चित्र थोडं धूसर होतं, गेम चालू राहतो. कॉम्प्युटिंगच्या कामात असं नसतं. मॉडेल, त्याचे आकडे आणि मधला हिशोब हे सगळं कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. नाही मावलं तर काम थांबतं, किंवा कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये सांडतं आणि गोगलगायीच्या गतीने चालतं. वेग कमी पडला तर एक रात्र जास्त जाते. मेमरी कमी पडली तर काम सुरूच होत नाही. कार्ड निवडताना हा फरक सगळ्यात आधी लक्षात घ्या.

हे काही आजचं नाही. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन ह्यांनी चित्रं ओळखणारं एक मॉडेल बनवलं. आजच्या एआयची लाट ज्या कामापासून सुरू झाली असं मानतात, ते हे काम. त्यांनी वापरली ती बाजारात मिळणारी गेमिंगची कार्डच होती, दोन जीटीएक्स ५८०, प्रत्येकी ३ जीबीची. दोन का? एका कार्डाच्या ३ जीबीत मॉडेल मावत नव्हतं म्हणून. अर्धं एकावर, अर्धं दुसऱ्यावर ठेवून पाच-सहा दिवस ते चालवलं. हिंटन ह्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सांगायचं एवढंच की गेमिंगच्या कार्डावर मोठं काम होतं, आणि पहिली अडचण तेव्हाही मेमरीचीच होती.

आता स्वतःचा हिशोब स्वतः करायला शिकू. मॉडेलमध्ये जेवढे आकडे, त्याला प्रत्येक आकड्याच्या जागेने गुणायचं. तयार मॉडेल नुसतं चालवायचं तर दर आकड्याला साधारण २ बाइट. ८०० कोटी आकड्यांचं भाषेचं मॉडेल म्हणजे १६ जीबी. तेच ४ बिटांत दाबलं तर ४ जीबी आणि वर थोडी जागा. अचूकता किंचित घटते, पण ८ जीबीच्या कार्डावर चालतं.

मॉडेलला नवीन काही शिकवायचं असेल तर खर्च वाढतो. आकडा ४ बाइट, त्याची दुरुस्ती ४ बाइट, आणि नेहमीच्या 'अ‍ॅडम' पद्धतीत दर आकड्यामागे आणखी ८ बाइटची नोंद. एकूण १६. व्हिस्परच्या 'स्मॉल' मॉडेलमध्ये २४.४ कोटी आकडे आहेत, म्हणजे जवळपास ४ जीबी. 'मीडियम'मध्ये ७६.९ कोटी, म्हणजे १२.३ जीबी. 'लार्ज'मध्ये १५५ कोटी, म्हणजे २५ जीबीच्या जवळ. शिवाय मधल्या हिशोबाची जागा वेगळी. २०२१ मध्ये आलेल्या 'लोरा' पद्धतीत मूळ आकडे गोठवून छोटी जोडणीच तेवढी शिकवतात, त्यामुळे मोठं मॉडेलही १२ किंवा १६ जीबीत बसवता येतं. हा गुणाकार आठवीतली पोरगी करू शकते. दुकानात जाण्याआधी तो कागदावर करा.

ह्यावरून माझं मत असं की आपल्या अभ्यासिकांसाठी १६ जीबी हे योग्य माप आहे, १२ जीबी हे किमान, आणि नवीन ८ जीबीचं कार्ड कामासाठी घेणं ही चूक. मेमरीनंतर पाहायचं ते मेमरीची रुंदी, म्हणजे सेकंदाला किती जीबी ये-जा होते. भाषेचं मॉडेल चालवताना वेग बराचसा त्यावर ठरतो. आरटीएक्स ४०६० टीआयच्या १६ जीबी कार्डात ती २८८ आहे, आरटीएक्स ५०६० टीआयच्या १६ जीबी कार्डात ४४८. त्यानंतर कार्डाची पिढी. आरटीएक्स ३००० किंवा त्यानंतरची मालिका घ्या, कारण शिकवण्याच्या कामात वापरला जाणारा 'बीएफ१६' हा आकड्यांचा प्रकार तिथून पुढे मिळतो. कोअरची संख्या सगळ्यात शेवटी पाहा. दिव्यांचे रंग पाहूच नका.

नाव एक, वस्तू वेगळी

बाजारात एकाच नावाने वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी आहे, लॅपटॉपच्या ३०६० मध्ये ६ जीबी. डेस्कटॉपमध्येही नंतर ८ जीबीचं ३०६० आलं, त्याची रुंदी ३६० वरून २४० वर आली, पण नाव तेच राहिलं. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय दोन्ही ८ आणि १६ अशा दोन मापांत मिळतात. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये १६ जीबी, डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये २४. म्हणून कोटेशनवर नुसतं नाव चालणार नाही. किती जीबी, हे बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइन बाजारात सर्व्हरची जुनी कार्डही स्वस्तात दिसतात. टेस्ला पी४० मध्ये २४ जीबी आहे हे पाहून पोरं भुलतात. त्याला स्वतःचा पंखा नाही, मॉनिटर जोडायची सोय नाही, आणि २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने त्या पिढीचा आधार काढून घेतला. ज्याला पंखा बसवता येतो आणि जुनं सॉफ्टवेअर धरून ठेवता येतं, त्याने ते घ्यावं. अभ्यासिकेने घेऊ नये.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्ड बाजारात आली. २४ जीबीचं आरटीएक्स ३०९० त्यातच मिळतं, आणि त्याची रुंदी ९३६ आहे. पण ते ३५० वॅट खातं. लॅमिंग्टन रोडवर घ्या की ओळखीतून, तासभर पूर्ण भाराखाली चालवून पाहा, तापमान पाहा, जीपीयू-झेडमध्ये नाव आणि मेमरी तपासा, कारण जुन्या कार्डाला नवीन नाव चिकटवून विकणारे आहेत. मूळ बिल आणि उरलेली वॉरंटी मिळाली तर उत्तम.

कंपनी कुठली?

इथे माझं मन आणि माझा हिशोब जुळत नाहीत. एनव्हिडियाने २००७ मध्ये कुडा बाजारात आणलं आणि तेव्हापासून ह्या क्षेत्रातलं बहुतेक सॉफ्टवेअर त्यावरच लिहिलं गेलं. कुडा बंदिस्त आहे, फक्त त्यांच्याच कार्डावर चालतं. ही मक्तेदारी आहे. तिची किंमत आपण प्रत्येक जीबीमागे जादा पैसे देऊन चुकवतो. एएमडीचं ७६०० एक्सटी १६ जीबीचं आहे, इंटेलचं ए७७० देखील १६ जीबीचं. तेवढ्या मेमरीसाठी पैसे कमी लागतात. एएमडीचं रॉकएम हे सॉफ्टवेअर खुलं आहे, पण त्यांच्या प्रत्येक कार्डाला त्याचा अधिकृत आधार नाही.

मक्तेदारीचा राग असूनही मी अभ्यासिकेला एनव्हिडियाच सुचवते. तिथे दरवर्षी पोरं बदलतात. एक लिनक्स जाणणारा मुलगा नोकरीला लागून पुण्याला गेला की मशीन धूळ खात पडतं. घरी एकट्याने शिकणाऱ्याने मात्र एएमडी किंवा इंटेल जरूर घ्यावं. पर्याय वापरणारेच नसतील तर पर्याय टिकणार कसा?

विकत घ्यायचंच का?

हा प्रश्न खरं तर आधी विचारायला हवा होता. जुनी पानं स्कॅन करून त्यातली मराठी अक्षरं ओळखायची तर टेसरॅक्ट साध्या प्रोसेसरवर चालतं. डीटीपी, एक्सेल, सर्वेक्षणाचं विश्लेषण ह्यातल्या कशालाही ग्राफिक्स कार्ड लागत नाही. जो शिकायला सुरुवात करतो आहे त्याला गूगल कोलॅबवर टी४ हे १६ जीबीचं कार्ड काही तास फुकट मिळतं, कॅगलवर आठवड्याला तीसेक तास मिळतात. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये दहा हजार कोटींहून मोठी इंडिया-एआय मिशन मंजूर केली. त्यात विद्यार्थी आणि संशोधकांसाठी सवलतीच्या दरात मोठी कार्ड आहेत. विद्यापीठातल्या आपल्या मुलांनी तिथे अर्ज केलेच पाहिजेत. आपण अर्ज केला नाही म्हणून ती कार्ड रिकामी राहणार नाहीत, दुसरे वापरतील.

भाड्याचा हिशोबही सोपा आहे. समजा कार्ड ४५ हजारांचं आणि भाडं ताशी ५० रुपये. म्हणजे ९०० तास काम असेल तर विकत घेणं फायद्याचं. तेवढं काम आहे का, हे प्रामाणिकपणे मोजा.

मग स्वतःचं कार्ड हवंच असं मी का म्हणते? त्या शंभर तासांमुळे. त्यात एका बाईने आपल्या शेतावर झालेल्या मारहाणीबद्दल सांगितलं आहे, नावं घेऊन. ज्यांची नावं घेतली त्यांची मुलं आजही त्याच गावात आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आलं, त्यात साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. कोर्टाकडून आपण जी काळजी मागतो, ती आपण स्वतः घ्यायची नाही का? तिचा आवाज फुकटच्या कुठल्या तरी सेवेवर चढवला की तो कुठल्या देशातल्या मशीनवर गेला, किती दिवस राहिला, कशासाठी वापरला गेला, हे मी तिला सांगू शकत नाही. तिने ते बोलणं माझ्याकडे विश्वासाने दिलं होतं. म्हणून शिकणं, सराव, प्रयोग हे फुकटच्या मशीनवर करा, पण माणसांची साक्ष आपल्या खोलीतल्या, इंटरनेटची वायर काढलेल्या मशीनवरच.

काही ज्येष्ठ म्हणतात, हा पैसा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर घाला. त्यांचं म्हणणं मी टाळत नाही. काम ठरलेलं नसताना यंत्र घेणार असाल तर ते म्हणतात तेच बरोबर, पुस्तकंच घ्या. पण काम ठरलेलं असेल तर ही मुलाखतींची पानं म्हणजे उद्याची पुस्तकंच आहेत, आणि ती सांगणाऱ्या बाया दरवर्षी कमी होताहेत. आमच्या पाचांपैकी कुणालाही पुन्हा भेटता येणार नाही अशा दोघी आता त्या यादीत आहेत.

शेवटच्या काही गोष्टी

एसएमपीएसमध्ये कंजुसी करू नका. ५०६० टीआयसाठी कंपनी ६०० वॅटचा सांगते, चांगल्या कंपनीचाच घ्या. सोबत साधी रॅम ३२ जीबी असू द्या. अख्खं मशीन ३०० वॅट खात असेल तर दहा तासांत ३ युनिट जळतात, तो खर्च दरमहा वर्गणीत धरा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात कार्ड तापणारच. सॉफ्टवेअरमधून त्याची वीज ८० टक्क्यांवर आणली तर वेग थोडाच घटतो आणि उष्णता बरीच कमी होते. भारनियमन असेल तर यूपीएस लावा, आणि शिकवण्याचं काम चालू असताना दर अर्ध्या तासाने ते जतन होईल अशी सोय करा. नाहीतर रात्रभराचं काम एका झटक्यात जातं.

आणि एक वही ठेवा. मशीन कोणी, किती तास, कशासाठी वापरलं, ते लिहा. वर्षाअखेरीस वर्गणी देणाऱ्यांसमोर ती वही वाचा. घेतलेलं कार्ड योग्य होतं की नाही, हे त्या वहीवरून कळेल.

फोन केलेल्या त्या दोघांना मी काय सांगितलं? कोटेशन परत द्या. आधी कोलॅबवर एक महिना काम करा, काय अडतं ते लिहून काढा. मग काचेची कॅबिनेट आणि सहा पंखे काढून टाका, वाचलेले पैसे १६ जीबीच्या कार्डात घाला. परवा त्यातल्या एकाचा मेसेज आला. गावातल्या एका आजीचं बोलणं त्याने रेकॉर्ड केलंय, पावणेदोन तासांचं. ते अजून त्याने कुठेही चढवलेलं नाही. "कार्ड आलं की आपल्याच मशीनवर करतो," असं त्याने लिहिलंय.

जय भीम.